रिपोर्ट नॉर्मल आहे, पण पोट दुखतंय

(सामुदायिक रेडिओवरच्या महिला आरोग्याच्या कार्यक्रमात एका सर्जन डॉक्टरांनी केलेलं भाषण)

हातातली कामं बाजूला ठेवून किंवा काम करता करता तुम्ही ऐकताय, म्हणून फार प्रस्तावना करत नाही.

तालुक्याच्या गावात मी गेली सव्वीस वर्षं पोटाची ऑपरेशनं करते. पूर्वी पेशंट यायचा तो पोट धरून यायचा. आताही पोट धरूनच येतो, पण दुसऱ्या हातात सोनोग्राफीची पिशवी असते. खुर्चीवर बसायच्या आधी ती पिशवी टेबलावर येते आणि मग ठरलेलं वाक्य येतं, "मॅडम, सोनोग्राफी नॉर्मल आहे म्हणाले, पण दुखायचं काही थांबत नाही." या कार्यक्रमाकडे आलेल्या पत्रांतही हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर आधी मला माझी एक चूक सांगावी लागेल.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. बारावीतली एक मुलगी, सतरा वर्षांची, संध्याकाळी सातच्या सुमाराला आईबरोबर दवाखान्यात आली. आदल्या रात्री दोन-अडीचला पोटात दुखून जाग आली होती. सकाळी चहासुद्धा नको म्हणाली. दुपारी उलटी झाली. गावातल्या कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी आधी सोनोग्राफी करून घेतली आणि मग माझ्याकडे आल्या. बाहेर तीस-पस्तीस माणसं बसली होती. मी रिपोर्ट उघडला. त्यात लिहिलं होतं, आतड्यात वायू जास्त, अपेंडिक्स दिसलं नाही, बाकी अवयव नॉर्मल. मी शेवटचा शब्द वाचला. मुलीला झोपवून पोटावर हात ठेवला, पण घाईत ठेवला. दुखणं कुठून सुरू झालं आणि आता कुठे आहे, हे विचारलंच नाही. आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या, एक इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "रिपोर्ट चांगला आहे, काळजी करू नका." पुन्हा कधी यायचं तेही सांगितलं नाही.

पहाटे पाचला ती आई दुधाच्या गाडीतून मुलीला घेऊन परत आली. मुलीला ताप होता, पोट लाकडासारखं कडक झालं होतं. अपेंडिक्स आत फुटलं होतं. ऑपरेशन केलं, पोट धुतलं, अकरा दिवस ती दवाखान्यात राहिली. जीव वाचला. तिसऱ्या दिवशी आई मला म्हणाली ते मी विसरलेले नाही. ती म्हणाली, "मॅडम, रात्रभर ती कण्हत होती आणि मी तिला रागावत होते. परीक्षेच्या भीतीनं सोंग करतीस म्हणाले. कागदावर नॉर्मल लिहिलं होतं ना."

त्या कागदानं मला फसवलं, असं मी म्हणणार नाही. कागदात खोटं काहीच नव्हतं. "अपेंडिक्स दिसलं नाही" असं लिहिणाऱ्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं. "दिसलं नाही" याचा अर्थ "चांगलं आहे" असा मी लावला. आणि माझ्या त्या एका वाक्यामुळे आईनं स्वतःच्या लेकीच्या कण्हण्यावरचा विश्वास काढून घेतला.

म्हणून आज सोनोग्राफी काय दाखवते आणि काय दाखवू शकत नाही, हे समजून घेऊ.

सोनोग्राफीत आवाजाच्या लहरी पोटात जातात, अवयवांवर आपटून परत येतात आणि त्यातून पडद्यावर चित्र उमटतं. आपल्या कानाला ऐकू न येणारा हा आवाज असतो. पाणी असलेल्या जागेतून तो छान जातो. म्हणून गर्भाशयातलं बाळ, पित्ताशयातले खडे, भरलेली लघवीची पिशवी चांगली दिसते. पण वायू आला की लहरी तिथंच अडतात. दुखणाऱ्या पोटात आतडी फुगलेली असतात, म्हणजे नेमकं जेव्हा बघायचं असतं तेव्हाच पडदा धुरकट होतो. अपेंडिक्स ही करंगळीहून बारीक नळी. कित्येकांची ती मोठ्या आतड्याच्या मागे दडलेली असते. पोटावर चरबी असली तर आणखी अवघड. शिवाय यंत्र धरणाऱ्याचा हात किती सरावलेला, त्याच्याकडे वेळ किती, यावरही पुष्कळ अवलंबून असतं. आणि आजार अगदी सुरुवातीला असेल तर सूज यायचीच बाकी असते. सकाळी काढलेलं चित्र सकाळचं असतं, संध्याकाळपर्यंत पोटातली परिस्थिती बदललेली असू शकते.

याचा अर्थ सोनोग्राफी वाईट असा घेऊ नका. तिचा इतिहासच बघा. १९५८ साली स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातले डॉक्टर इयन डोनाल्ड यांनी पोटातल्या गाठी या आवाजाच्या यंत्रानं ओळखता येतात, हे जगापुढे मांडलं. त्यांच्या पहिल्या पेशंटपैकी एक बाई अशी होती की तिचं पोट प्रचंड फुगलं होतं, वजन उतरलं होतं, उलट्या थांबत नव्हत्या. औषध पाजून काढलेल्या एक्सरेवरून पोटाचा कॅन्सर आणि ऑपरेशनच्या पलीकडे गेलेला, असं निदान झालं होतं. डोनाल्ड यांच्या यंत्रात निघाली ती पाण्यानं भरलेली अंडाशयाची भली मोठी गाठ. ती काढली आणि बाई बरी झाली. तेव्हा एका चित्रानं चुकीच्या वाटेला नेलं होतं आणि दुसऱ्या चित्रानं परत आणलं. सोनोग्राफी करायची, जरूर करायची. पण पोटदुखीच्या प्रश्नाचं ते एक उत्तर असतं, शेवटचं नसतं.

मग बाकीचं कुठून कळतं? बरंचसं तुमच्या तोंडून कळतं.

अपेंडिक्सचं दुखणं चालत जातं. सुरू होतं बेंबीभोवती, बोट ठेवून दाखवता येत नाही असं मुकं दुखणं. मग काही तासांनी ते उजवीकडे खाली सरकतं, कमरेच्या हाडाच्या आतल्या बाजूला. याचं कारण असं, की आतड्याच्या नसांना जागा नीट सांगता येत नाही. सूज वाढून पोटाच्या आतल्या अस्तराला टेकली की मग जागा पक्की होते, तेव्हा एका बोटानं दाखवता येतं. बहुतेक वेळा आधी दुखतं आणि मग उलटी होते. जेवणावरची वासना जाते. खोकलं, हसलं, खाटेला कुणाचा धक्का लागला तरी कळ येते. पेशंट गडबडा लोळत नाही, पाय पोटाशी घेऊन गप पडून राहतो. याउलट मुतखड्याचा पेशंट एका जागी थांबत नाही, या कुशीवरून त्या कुशीवर होतो, उठतो, फिरतो. आता सांगा, गप पडून राहणं किंवा लोळणं सोनोग्राफीत दिसेल का? ते घरातल्या बाईलाच दिसतं.

एक गंमत सांगते, पण कामाची आहे. इंग्लंडमधल्या काही डॉक्टरांनी पेशंटना विचारलं, दवाखान्यात येताना गाडी स्पीडब्रेकरवरून गेली तेव्हा जास्त दुखलं का? २०१२ साली त्यांनी निकाल छापला. अपेंडिक्सला सूज असल्याचं पुढे सिद्ध झालेल्या ३४ जणांपैकी ३३ जण म्हणाले होते, हो, दुखलं. ज्यांना दुसराच आजार निघाला त्यांच्यातल्याही पुष्कळांना धक्क्यानं दुखलं होतं, म्हणून एवढ्यावरून निदान होत नाही. पण धक्क्यानं काहीच झालं नसेल तर अपेंडिक्सची शक्यता कमी होते. आपल्याकडे तर वस्तीपासून तालुक्यापर्यंत सगळा रस्ताच स्पीडब्रेकर! तेव्हा आमच्याकडे येताना वडापमध्ये किंवा मोटरसायकलवर काय झालं ते आवर्जून सांगा. त्या मुलीच्या आईला मी पहाटे विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आदल्या दिवशी येतानाच म्हणत होती, आई, गाडी हळू घ्यायला सांग." आदल्या दिवशी! मी विचारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

गरोदर बाईत ही गोष्ट आणखी अवघड होते. वाढलेल्या गर्भाशयामुळे अपेंडिक्स वर ढकललं जाऊ शकतं, मग दुखणंही वर, कधी थेट बरगडीखाली येतं. घरचे म्हणतात, दिवस भरत आलेत, दुखायचंच. सोनोग्राफीत बाळ छान हलताना दिसतं आणि सगळे निर्धास्त होतात. पण बाळ ठीक असण्यावरून आईच्या पोटात काही नाही असं ठरत नाही. अपेंडिक्स फुटलं तर दोघांच्याही जीवाला धोका असतो.

आता खास आपल्या बायकांच्या पोटाबद्दल.

गर्भ कधी कधी पिशवीत न राहता बाहेर, बहुतेक वेळा नळीत रुजतो. नळी फुटली की पोटात रक्त साठतं. अगदी सुरुवातीला सोनोग्राफी केली तर गर्भपिशवी रिकामी दिसते. घरी काय समजतात? "पिशवीत काही नाही, म्हणजे दिवस गेलेले नाहीत." खरं तर पाळी चुकलेली, लघवीची तपासणी गरोदर असल्याची आणि पिशवी रिकामी, या तीन गोष्टी एकत्र आल्या की आम्ही डॉक्टर सावध होतो. दिवस अगदीच थोडे असतील, गर्भपात झालेला असेल किंवा गर्भ नळीत असेल. ठरवायला रक्ताची तपासणी दोन दिवसांच्या अंतरानं पुन्हा करावी लागते, सोनोग्राफीही पुन्हा करावी लागते. तोवर "नॉर्मल" म्हणून घरी बसायचं नाही. मध्येच ओटीपोटात जोराची कळ आली, घेरी आली, दरदरून घाम सुटला किंवा खांद्याच्या टोकाला दुखायला लागलं, तर त्याच क्षणी दवाखाना गाठायचा. खांदा का दुखतो? पोटातलं रक्त छातीच्या पडद्याला टेकतं आणि त्या नसा खांद्याकडे खूण करतात.

"माझं ऑपरेशन झालंय, दिवस कसे जातील?" असं अनेकजणी म्हणतात. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशननंतर दिवस जाणं दुर्मीळच, पण गेलेच तर ते नळीत असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. तांबी बसवलेल्या बाईचंही तसंच. आणि थोडं रक्त गेलं म्हणजे पाळीच आली, असंही समजू नका. लघवीची तपासणी स्वस्त आहे, पाच मिनिटांत होते, आशाताईकडे त्याची पट्टी मिळते. मूल होण्याच्या वयातल्या कुठल्याही बाईचं पोट अचानक दुखायला लागलं तर सोनोग्राफीच्या आधी ही पट्टी, हा माझ्या दवाखान्यातला नियम आहे. लग्न न झालेल्या मुलीला मी आईला बाहेर बसवून एकटीला विचारते. आयांनो, याचा राग धरू नका. तिच्या अब्रूचा निवाडा करायला नाही, तिचा जीव वाचवायला विचारते.

दुसरी गोष्ट अंडाशयाला पीळ पडण्याची. गाठीमुळे जड झालेलं अंडाशय स्वतःभोवती फिरतं आणि त्याचा रक्तपुरवठा आवळला जातो. अचानक एका बाजूला कळ, सोबत मळमळ, मध्ये थोडं थांबतं आणि पुन्हा येतं. रंगीत सोनोग्राफीत, म्हणजे डॉपलरमध्ये, रक्त वाहताना दिसलं तरी पीळ असू शकतो, कारण पीळ कधी सैल होतो, कधी घट्ट. डॉपलर चांगला आला म्हणून थांबलं आणि तासामागून तास गेले, तर अंडाशय गमवावं लागतं. लहान मुलींतही हे होतं, हे लक्षात ठेवा.

इथवर चित्रात न दिसणाऱ्या आजारांबद्दल बोलले. आता उलटं. चित्रात काहीतरी दिसतं, पण दुखणं त्याचं नसतं.

एक आजी आल्या होत्या, साठीच्या पुढच्या, मधुमेह असलेल्या. छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात दुखत होतं, मळमळत होतं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे. मुलगा म्हणाला, "खडे काढून टाका." आजींच्या पोटावर हात ठेवला तर पोट मऊ, पित्ताशयाच्या जागी दाबलं तरी त्यांना काही होईना. आणि अंगाला घाम. कार्डिओग्राम काढला. हृदयविकाराचा झटका होता. खडे खरेच होते, पण त्यांनी त्या दिवशी काहीही केलेलं नव्हतं. पुष्कळ बायकांच्या पित्ताशयात खडे असतात आणि जन्मभर त्रास देत नाहीत. बायकांत आणि मधुमेह असलेल्यांत हृदयाचं दुखणं "पित्ताचा" वेश घेऊन येतं. चाळिशीनंतर पोटाच्या वरच्या भागात अचानक दुखलं तर कार्डिओग्राम काढाच.

तसंच अंडाशयातल्या "गाठी"चं. पाळी येणाऱ्या बाईच्या अंडाशयात दर महिन्याला अंडं तयार होताना लहानशी पाण्याची पिशवी होते आणि आपोआप जाते. रिपोर्टमध्ये तिला "सिस्ट" लिहिलेलं असतं आणि घरात रडारड सुरू होते. गर्भपिशवीचंही असंच. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या तरुण वयात काढल्या गेल्याचा विषय राज्यभर गाजला, तो तुम्हाला आठवत असेल. कागदावर काहीतरी लिहिलं आहे एवढ्यावरून पोट उघडायला संमती देऊ नका. "माझं दुखणं याचंच आहे हे कशावरून?" असा प्रश्न विचारा.

काही दुखणी तर पोटाची नसतातच, फक्त पोटात जाणवतात. साखर फार वाढलेल्या मधुमेहीला पोटात दुखतं आणि उलट्या होतात. लहान मुलाला फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया झाला तर ते पोटालाच हात लावून दाखवतं. नागीण उठायच्या आधी दोन-तीन दिवस एकाच बाजूला आग होते, फोड नंतर येतात. सिकलसेलच्या पेशंटला पोटात कळा येतात. विदर्भात आणि नंदुरबारकडे ऐकणाऱ्या कुणी असतील तर त्यांना हे माहीत असेल.

आणि पावसाळ्यात विशेष लक्षात ठेवायचं ते मण्यार सापाचं. मण्यार रात्री चावते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज येत नाही, दाताची खूणही बऱ्याचदा सापडत नाही. पहाटे माणूस पोटात दुखतंय म्हणून उठतो, उलटी होते. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोबडं बोलतो, शेवटी श्वास अडतो. अशा पेशंटला सोनोग्राफीच्या रांगेत बसवलं तर रिपोर्ट नॉर्मल येईल आणि तोवर वेळ निघून जाईल. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाचं पहाटे पोट दुखलं तर आधी त्याच्या डोळ्यांकडे बघा. पापणी वर उचलता येत नसेल तर थेट ग्रामीण रुग्णालयात न्या. तिथं सापाच्या विषावरची लस मिळते, पण पेशंटला कृत्रिम श्वासाची गरज लागू शकते, तेव्हा ते यंत्र कुठे आहे हेही लगेच विचारा.

म्हातारी माणसं हा वेगळा विषय आहे. वय झालं की पोट तक्रार करायचं विसरतं. ताप येत नाही, पोट कडक होत नाही, पण आत आतडं फुटलेलं असतं. गुडघ्यासाठी रोज दुखण्याची गोळी खाणाऱ्या आजींच्या जठराला छिद्र पडू शकतं. उभं करून काढलेल्या एक्सरेत छातीच्या पडद्याखाली हवा दिसली तर ते लगेच कळतं, पण ती प्रत्येक वेळी दिसतेच असं नाही. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या माणसाच्या आतड्याच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली तर तो असह्य दुखतंय म्हणून ओरडतो आणि पोट मात्र दाबल्यावर मऊ लागतं. तेव्हा "म्हातारीला सवयच आहे बोंबलायची" असं म्हणू नका. दुखणं फार आणि तपासणीत काही नाही, हीच त्या आजाराची खूण आहे. अशा वेळी सीटी स्कॅन लागतो. पण सीटीलाही कुठे बघायचं हे सांगावं लागतं, आणि सांगणार कोण? पेशंटचं ऐकून घेतलेला डॉक्टर.

आता घरी काय करायचं ते सांगते.

१९२१ साली लंडनचे सर्जन झॅकरी कोप यांनी अचानक होणाऱ्या पोटदुखीवर एक पुस्तक लिहिलं. तेव्हा सोनोग्राफी नव्हती, सीटी नव्हता. त्यांनी एक साधा हिशोब घालून दिला तो मी आजही वापरते. आधी बरं असलेल्या माणसाच्या पोटात जोराचं दुखायला लागलं आणि ते सहा तास टिकलं, तर ते बहुतेक वेळा सर्जननं बघायचं दुखणं असतं. सहा तास हा शेवटचा काटा. घेरी, कडक पोट, हिरवी उलटी, रक्त, गरोदरपण यातलं काहीही असेल तर सहा तासही थांबायचं नाही, १०८ ला फोन करायचा.

एरंडेल पाजू नका, एनिमा देऊ नका. बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेऊ नका, डागू तर अजिबात नका. अपेंडिक्स सुजलं असेल तर चोळण्यानं आणि जुलाबानं ते फुटू शकतं. दवाखान्यात पोचेपर्यंत जेवण देऊ नका. भूल द्यायची वेळ आली तर रिकामं पोट बरं.

दुखण्याच्या गोळीबद्दल गैरसमज आहे. निदान होईपर्यंत दुखणं सोसलंच पाहिजे, इंजेक्शन दिलं तर निदान चुकतं, असं आम्हालाही शिकवलं होतं. पुढे झालेल्या अभ्यासांत दिसलं की दवाखान्यात देखरेखीखाली वेदनाशामक दिल्यानं निदान बिघडत नाही. म्हणून डॉक्टरांकडे दुखणं कमी करा असं मागायला लाजू नका. चूक कशात आहे? घरीच गोळ्या घेत दोन दिवस काढण्यात.

दवाखान्यात आलात की आधी तोंडानं सांगा, पिशवी नंतर उघडा. दुखणं किती वाजता सुरू झालं, आधी कुठे होतं, आता कुठे आहे, उलटी आधी की दुखणं आधी, शेवटची पाळी कधी आली, कुठल्या गोळ्या चालू आहेत. आणि उठायच्या आधी डॉक्टरांना चार गोष्टी विचारा. रिपोर्टमध्ये काय दिसलं नाही? तुम्हाला कशाची शंका आहे? मी पुन्हा कधी दाखवायला येऊ? आणि कुठली खूण दिसली तर त्याच्याही आधी येऊ? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. नुसतं सहा-आठ तासांनी पुन्हा तोच हात त्याच पोटावर ठेवला तर कित्येक निदानं होतात. त्याला यंत्र लागत नाही, फक्त पेशंट परत यावा लागतो.

त्या मुलीनंतर मी माझ्या दवाखान्यात एक बदल केला. पोटदुखीच्या पेशंटला "काळजी करू नका" म्हणून सोडत नाही. चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात वेळ लिहून देते, "दुखणं राहिलं तर रात्री अकराला दाखवायला या." काहीजण येतात आणि बरे होऊन आलेले असतात. माझी झोप मोडते, तर मोडू दे.

आणि तुम्हाला एकच मागणं आहे. घरात कुणी पोट धरून बसलं असेल, मग ती मुलगी असो, सून असो की सासू, तर कागदावर नॉर्मल लिहिलंय म्हणून तिला खोटं पाडू नका. कागद एका वेळचा असतो. ती अजून दुखतंय म्हणते आहे ना, मग पुन्हा दाखवायला न्या. ती आई रात्रभर लेकीला रागावली खरी, पण पहाटे तिनं कागद बाजूला ठेवला आणि दुधाची गाडी थांबवली. त्या मुलीला मी वाचवलं असं लोक म्हणतात. गाडी थांबवली नसती तर माझ्यापर्यंत ती पोचलीच नसती.